एकाच कानात इम्प्लांट आणि श्रवणयंत्र: 'थोडं ऐकू येतं' अशा लोकांसाठी

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. समोरचा माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही, अशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा काढते आहे. ठार ऐकू येत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) आणि थोडं ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र, अशी सरळ वाटणी बहुतेकांच्या डोक्यात असते. या दोन्हींच्या मधे बरीच माणसं अडकलेली आहेत. मीही त्यांतलीच एक.

माझा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख; डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं ऐकणं वाईट) आधी देते, म्हणजे तुमचा किंवा तुमच्या माणसाचा ताडून बघता येईल. २५० हर्ट्झला २० डेसिबल, ५०० ला ३०, १००० ला ५५, २००० ला ९०, ४००० ला १००. म्हणजे खालच्या पट्टीतलं जवळजवळ चांगलं आणि १००० च्या पुढे रेघ एकदम खाली कोसळलेली. याला 'स्की स्लोप' म्हणतात. मला ढगांचा गडगडाट ऐकू येतो, डग्गा ऐकू येतो, शेजारच्या खोलीतल्या पुरुषांचं बोलणं चालू आहे हेही कळतं. कुकरची शिट्टी, पैंजण, पक्षी, मोबाइलची बीप यांतलं काहीच येत नव्हतं.

आपल्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते सांगते. मी बँकेत काउंटरवर आहे. 'पाचशे' आणि 'सातशे' या दोन्ही शब्दांतून माझ्यापर्यंत पोचायचा तो फक्त 'आ' आणि 'ए'. स, श, च, त ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती गळून पडायची. मीठ आणि मूठ यांतला फरक कळत नव्हता, कारण ई आणि ऊ यांचा खालचा भाग जवळपास सारखाच असतो आणि त्यांना वेगळं करणारा भाग २००० हर्ट्झच्या आसपास असतो. ओठ दिसत असले तर निभायचं. काच, मास्क, फोन आला की संपलं.

श्रवणयंत्रं चांगली वापरली, महागडीही वापरली. आवाज मोठा व्हायचा, शब्द साफ व्हायचे नाहीत. आणि लोकांचं एकच म्हणणं, "हिला ऐकू येतं हो, लक्ष देत नाही." हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याचा जाच वेगळा सांगायला नको.

शेवटी एका डॉक्टरांनी ईएएस (इलेक्ट्रिक-अकूस्टिक स्टिम्युलेशन) सुचवलं, म्हणजे एकाच कानात इम्प्लांट आणि श्रवणयंत्र दोन्ही. खालचे सूर नेहमीसारखे हवेतून, मोल्डमधून (कानाच्या मापाच्या बुचातून), थोडे वाढवून. वरचे सूर कॉक्लिआत (आतल्या कानातल्या नळीत) सरकवलेल्या इलेक्ट्रोडमधून, म्हणजे बारीक विद्युत तारेतून, थेट ऐकण्याच्या नसेला. बाहेर कानामागे एकच प्रोसेसर असतो. तोच आवाज दोन वाटांना लावतो. माझ्याकडे साधारण ५०० हर्ट्झपर्यंतचं कानातून येतं आणि त्याच्या वरचं इलेक्ट्रोडमधून.

उजव्या कानात हे करून आता बराच काळ झाला. पाचशे आणि सातशे वेगळे ऐकू येतात, तेही मागे बँकेचा गलबला चालू असताना. फोडणीचा चुर्र आवाज मी मोठेपणी पहिल्यांदा ऐकला. विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं सांगेन.

गोदातीर

छान लिहिलंत ताई. एक शंका आहे. माझ्या सासूबाईंच्या उजव्या कानात इम्प्लांट आहे आणि डाव्या कानाला श्रवणयंत्र. म्हणजे हेच ना?

पारिजातक

गोदातीर, नाही, ते वेगळं. मी ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, ठाण्यात काम करते. एका कानात इम्प्लांट आणि दुसऱ्या कानात श्रवणयंत्र याला आम्ही बायमोडल म्हणतो. ते आपल्याकडे पुष्कळ दिसतं आणि त्याचा फायदाही होतो. कोयनाकाठ सांगतायत ते एकाच कानात दोन्ही. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतरही त्या कानातलं नैसर्गिक ऐकणं शिल्लक राहावं लागतं. सगळी गोम तिथे आहे.

हे शक्य कसं होतं ते थोडं सांगते. कॉक्लिआ ही अडीच वेढ्यांपेक्षा जराशी जास्त, शंखाकृती नळी. तिच्या तोंडाशी, म्हणजे मधल्या कानाच्या बाजूला, सर्वांत वरचे सूर ऐकले जातात. आत आत जावं तसे सूर खाली उतरतात आणि टोकाला सर्वांत खालचे. कोयनाकाठ यांच्यासारख्या कानात तोंडाजवळच्या केसपेशी (आवाज झेलणाऱ्या पेशी) गेलेल्या असतात, टोकाकडच्या जिवंत असतात. इलेक्ट्रोड तोंडाकडूनच आत सरकवतात. म्हणजे जिथलं बिघडलंय तिथे तो आधी पोचतो आणि जिथलं चांगलं आहे तिथपर्यंत नेलाच पाहिजे असं नसतं. निसर्गाची ही मांडणी आपल्या सोयीची आहे.

१९९९ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टला क्रिस्टॉफ फॉन इल्बर्ग यांनी हा विचार पहिल्यांदा माणसावर यशस्वी करून दाखवला. तोपर्यंत सगळ्यांचं गृहीत हेच की इम्प्लांट घातलं की उरलंसुरलं ऐकणं जाणार. म्हणून ज्यांना काही ऐकू येतं त्यांना इम्प्लांट द्यायचंच नाही असा शिरस्ता होता. पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ब्रूस गँट्झ आणि ख्रिस्तोफर टर्नर यांनी जेमतेम १० मिलिमीटर लांबीचा इलेक्ट्रोड वापरून पाहिला. पोलंडमध्ये हेन्रिक स्कार्झिन्स्की यांनी २००२ पासून अशा 'अर्धवट बहिरेपणा'च्या रुग्णांवर काम केलं, नंतर मुलांवरही. अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता कॉक्लिअर कंपनीच्या हायब्रिड एल२४ या इम्प्लांटला मार्च २०१४ मध्ये आणि मेड-एलच्या ईएएसला २०१६ मध्ये मिळाली.

श्रवणयंत्र का चालत नाही, तेही सांगते. ज्या जागच्या केसपेशी पूर्ण मेल्या आहेत तिथे आवाज कितीही वाढवून पाठवला तरी झेलायला कोणी नाही. वर तो वाढवलेला आवाज शेजारच्या जिवंत भागात चुकीच्या ठिकाणी जाऊन पडतो आणि उलट घोळ वाढतो. अशा मृत जागा ओळखण्यासाठी केंब्रिजच्या ब्रायन मूर यांनी टेन टेस्ट तयार केली. वरचे सूर खाली उतरवून ऐकवणारी श्रवणयंत्रंही असतात. ती आधी नीट वापरून बघावीत असंच मी सांगते. काहींचं तेवढ्यावर भागतं.

तुकाईमाळ

राम राम. आमच्या अण्णांचं वय ६८. तरुणपणी टीबी झाला होता, लई इंजेक्शनं घेतली. तवापासून कान हळूहळू गेलेत. हाक मारली की 'ओ' देत्यात, पण बोललेलं काय समजत न्हाई. गाडीचा आवाज, बैलाचं हंबरणं बराबर ऐकत्यात. नातवंडांचं बोलणं तर अजिबात कळत न्हाई. मशीन घेतलं, पेटीतच पडून आहे. त्यांना हे होईल का? वयाची काही अट?

पारिजातक

तुकाईमाळ दादा, तुम्ही सांगितलेलं चित्र अगदी याच प्रकारातलं वाटतंय, पण ऑडिओग्राम पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही. टीबीच्या काही इंजेक्शनांनी, स्ट्रेप्टोमायसिन, कनामायसिन, अमिकासिन या गटातल्या, कॉक्लिआच्या तोंडाकडच्या केसपेशी आधी मरतात. म्हणून वरचे सूर पहिले जातात. कर्करोगावरच्या सिस्प्लाटिनचंही तसंच. नातवंडांचं बोलणं न कळणं हेही त्यातच बसतं, लहान मुलांचे आवाज वरच्या पट्टीतले असतात. आईकडून येणारा एक जनुकीय बदल असलेल्या माणसांना अशा इंजेक्शनांची थोडी मात्राही कानाला बाधते. अण्णांच्या भावंडांत किंवा बहिणींच्या मुलांत कोणाला असं इंजेक्शनानंतर झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वयाची वरची मर्यादा नाही. भूल सोसेल अशी तब्येत हवी.

ढोबळ मोजमाप असं: ५०० हर्ट्झपर्यंत ६०-६५ डेसिबलपेक्षा वाईट नसावं आणि २००० च्या पुढे ७५-८० पेक्षा वाईट असावं. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची चाचणी शब्द ओळखण्याची. चांगलं बसवलेलं श्रवणयंत्र घालून, ओठ न दाखवता, शब्द ऐकवायचे आणि किती बरोबर येतात ते मोजायचं. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी नुसती बीप ऐकवून रिपोर्ट हातात देतात. बीप कळणं आणि बोलणं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अण्णांची शब्दांची चाचणी मराठीतून करून घ्या, हट्ट धरून.

ओवीची_आई

माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिचाही आलेख असाच. शाळेत बाई म्हणतात बोलते छान, मग अडचण काय? पण शुद्धलेखनात स आणि श सगळे गायब असतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेलो तर टक्केवारी बसत नाही म्हणून परत पाठवलं. योजनेतून इम्प्लांट होतं असं ऐकलं होतं.

कोयनाकाठ

ओवीची आई, हे फार आतून कळतंय मला. बोलते छान म्हणजे ऐकते छान असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोलण्याच्या पट्टीतली सरासरी धरतात. दोन्ही कानांत ७० डेसिबल असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर श्रवणक्षीण. आता माझेच आकडे घ्या. ५००, १००० आणि २००० ची सरासरी काढली तर ५८ येते. ४००० धरलं तरी ६९ च्या आत. एका टोकाचं चांगलं ऐकणं दुसऱ्या टोकाचं नसलेलं ऐकणं झाकून टाकतं. सरासरी काढायची ही रीत स्की स्लोपवाल्यांवर अन्याय करते, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते.

पारिजातक

या मताशी पूर्ण सहमत.

योजनेबद्दल: केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना उपकरणं देणारी योजना) लहान मुलांना इम्प्लांट मिळतं. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग ही वाक्-श्रवण संस्था देशभरासाठी ते काम पाहते. पण ती योजना मुख्यतः तीव्र बहिरेपणा असलेल्या मुलांसाठी आखलेली आहे. ओवी त्यात बसेल की नाही हे तिचे रिपोर्ट पाहून तिथेच विचारा, परस्पर कोणाच्या सांगण्यावरून आशा सोडू नका. आणि तोपर्यंत शाळेत तिला पुढच्या बाकावर बसवा. बाईंच्या गळ्यात माइक आणि तिच्या श्रवणयंत्राला रिसीव्हर, अशी सोय मिळते, ती करून घ्या. मुलांच्या बाबतीत वाट पाहण्याची किंमत मोठी असते. तिला जे ऐकूच येत नाही ते ती वाचतानाही चुकणार.

हानोव्हरकर

जर्मनीतून लिहितोय. माझ्या बायकोचं ईएएस इथे झालं. हानोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाचा इम्प्लांट विभाग जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. हायब्रिड एल हा इलेक्ट्रोड प्रोफेसर लेनार्झ यांच्या गटाने इथेच कंपनीबरोबर विकसित केला. साधारण १६ मिलिमीटर आत जातो, त्यावर २२ संपर्कबिंदू असतात. खर्च सरकारी आरोग्य विम्याने केला, आम्हाला रुग्णालयातल्या मुक्कामाचे किरकोळ पैसे भरावे लागले.

शस्त्रक्रियेबद्दल तिच्या सर्जनने समजावलं ते सांगतो, कारण भारतातही सर्जनशी बोलताना हेच विचारावं लागेल. इलेक्ट्रोड राउंड विंडोच्या (कॉक्लिआच्या तोंडाशी असलेल्या बारीक खिडकीच्या) पडद्यातून, अतिशय सावकाश सरकवतात. घाई केली की आतल्या द्रवाचा दाब वाढतो. आत रक्त जाऊ देत नाहीत, स्टेरॉइड देतात. हल्ली इलेक्ट्रोड सरकत असतानाच केसपेशींची प्रतिक्रिया पडद्यावर दिसत राहते, ती घसरली तर सर्जन थांबतो किंवा थोडा मागे घेतो. 'सॉफ्ट सर्जरी' ही कल्पना लेनहार्ट नावाच्या हानोव्हरच्याच डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात मांडली होती.

तिला सर्वांत जास्त फायदा झाला तो जेवणाच्या टेबलावर. चार जण एकदम बोलत असले तरी आता ती संभाषणात असते.

मारवा

मी वेगळा अनुभव सांगतो. घाबरवायचं नाही, पण हा धागा वाचून कोणी निर्णय घेणार असेल तर हेही त्याच्यासमोर असायला हवं.

मी हार्मोनियम वाजवतो, शिकवतो. माझं स्की स्लोप जन्मापासूनचं असावं. खालचे सूर मात्र इतके शाबूत की तानपुरा लावायला मला कधी कोणाची मदत लागली नाही. एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात डाव्या कानाचं ईएएस केलं. शस्त्रक्रियेनंतर खालचं ऐकणं टिकलं, मोल्ड लागला, सगळं ठीक चाललं होतं. आणि काही महिन्यांनी ते हळूहळू ओसरत गेलं. स्टेरॉइडचा कोर्स झाला, थांबलं नाही. आज त्या कानात नैसर्गिक ऐकणं जवळजवळ शून्य आहे. आता तिथे पूर्ण इम्प्लांटच चालतं.

बोलणं मला पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं कळतं. विद्यार्थ्यांशी फोनवर बोलतो, हे आधी होत नव्हतं. पण त्या कानाने षड्ज आणि ऋषभ यांतलं अंतर कळत नाही. तानपुऱ्याची जवारी कळत नाही. लय पूर्ण कळते, सूर नाही. डावा कान बोलण्याचा आणि उजवा गाण्याचा, अशी वाटणी करून मी जगतो. उजव्या कानाला मी कोणाला हात लावू देणार नाही.

शस्त्रक्रियेआधी मला 'थोडा धोका असतो' एवढंच सांगण्यात आलं होतं. थोडा म्हणजे किती आणि काय, हे मला कोणी बसवून सांगायला हवं होतं.

पारिजातक

मारवाजी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते मी इथे सांगते. हायब्रिड एल२४ ला मान्यता देताना एफडीएने ५० जणांच्या चाचणीचे आकडे जाहीर केले होते. त्या ५० पैकी २२ जणांचं शस्त्रक्रिया झालेल्या कानातलं खालच्या सुरांचं ऐकणं जवळजवळ किंवा पूर्ण गेलं. त्यांतल्या ६ जणांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून नेहमीचं इम्प्लांट बसवून घेतलं. गटाचा एकूण निकाल मात्र चांगला होता, बहुतेकांचं शब्द आणि वाक्यं ओळखणं सुधारलं, म्हणून मान्यता मिळाली. ही दोन्ही वाक्यं रुग्णाला एकत्र सांगितली पाहिजेत. त्यानंतर इलेक्ट्रोड आणखी बारीक, लवचिक झाले, तंत्र सुधारलं. तरीही 'टिकेलच' असं म्हणणाऱ्या डॉक्टरपासून सावध राहा.

ऐकणं का जातं? कधी सरकवताना आतल्या नाजूक पडद्याला इजा होते. कधी नंतर सूज येते आणि इलेक्ट्रोडभोवती व्रणासारखी ऊती वाढते. मारवाजींसारखं उशिरा जाणं बहुधा त्यातलं. आणि कधी मूळचा आजारच पुढे सरकतो, शस्त्रक्रिया केली नसती तरी ते गेलं असतं.

म्हणूनच इलेक्ट्रोडच्या लांबीचा प्रश्न कळीचा. आखूड असेल तर खालचं ऐकणं वाचण्याची शक्यता बरी, पण ते गेलंच तर खालच्या सुरांसाठी आत काहीच पोचलेलं नसतं. लांब असेल तर उलट. आता बरेच सर्जन मधली वाट घेतात, २० ते २४ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा लांब पण अगदी मऊ इलेक्ट्रोड. उद्या नैसर्गिक ऐकणं गेलं तरी त्याच इलेक्ट्रोडवर पूर्ण इम्प्लांट चालवता यावं, पुन्हा कान उघडावा लागू नये. तुमच्या सर्जनला हाच प्रश्न सरळ विचारा: खालचं ऐकणं गेलं तर याच इलेक्ट्रोडवर माझं भागेल का? आणि तुमच्या हातच्या रुग्णांपैकी किती जणांचं वर्षभरानंतर टिकलंय?

सुराबद्दल: इम्प्लांटचे मोजके संपर्कबिंदू मिळून सुराची बारीक ठेवण देऊ शकत नाहीत. ते काम खालच्या नैसर्गिक ऐकण्याचं. पुरुषाचा आवाज १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रीचा २०० च्या आसपास. हा मूळ सूर कानातून मिळाला की गोंगाटात कोणता आवाज कोणाचा हे मेंदू वेगळं काढू शकतो. शिवाय दोन्ही कानांत खालचं ऐकणं असेल तर आवाज कोणत्या बाजूने आला हेही चांगलं कळतं. हानोव्हरकरांच्या पत्नीला टेबलावर जमतं ते त्यामुळे. एवढंसं उरलेलं ऐकणं किती मोलाचं असतं, हे सगळ्यांनीच मनावर घेतलं पाहिजे, डॉक्टरांनीही.

गोदातीर

मारवाजी, वाचून गलबलून आलं. लिहीत राहा.

तुकाईमाळ

समदं वाचलं. अण्णांना वाचून दाखवलं, म्हणजे लिहून दाखवलं. ते म्हणाले, एका कानाचं करू, दुसरा राहू दे. मला विचारायचंय की मशीन लावल्यावर लगेच कळतं का?

कोयनाकाठ

नाही दादा, लगेच नाही, आणि हे अण्णांना आधीच सांगून ठेवा. टाके भरल्यावर, तीन-चार आठवड्यांनी, बाहेरचा प्रोसेसर सुरू करतात. सुरुवातीला इलेक्ट्रोडमधून येणारा आवाज चिरका, किरकिरा वाटतो. सगळ्यांची बोलणी एकसारखी. खालचा नैसर्गिक आवाज आणि वरचा नवा आवाज हे दोन वेगवेगळे येतात असं मला वाटायचं. मेंदू ते जुळवून घेतो, पण त्याला रोजचा सराव द्यावा लागतो. मी रोज नवऱ्याला पाठ करून बसायला लावायचे आणि तो वर्तमानपत्रातली एकेक ओळ वाचायचा, मी ती तशीच म्हणून दाखवायची. अण्णांसाठी नातवंडांना हे काम द्या. आकडे, गावांची नावं, नात्यातली नावं यांपासून सुरू करा. मॅपिंगला म्हणजे प्रोसेसर जुळवायला सुरुवातीला वारंवार जावं लागतं, तेव्हा जाण्या-येण्याला सोपं पडेल असं केंद्र निवडा. मोठ्या शहरातलं नावाजलेलं पण लांबचं केंद्र घेतलं आणि मॅपिंगच चुकलं तर उपयोग नाही.

मोल्ड असल्यामुळे आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. मोल्डमध्ये हवेसाठी बारीक छिद्र ठेवून ते कमी करता येतं. कानातला मळ मोल्डच्या नळीत अडकतो आणि खालचा आवाज अचानक कमी होतो. अशा वेळी घाबरून 'ऐकणं गेलं' समजू नका, आधी नळी साफ करा. तरीही कमीच वाटलं तर त्याच दिवशी फोन करा. उशीर केला तर औषधाचा उपयोग होण्याची शक्यता कमी होते. पावसाळ्यात प्रोसेसर रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचा.

मारवा

तुकाईमाळ, अण्णांचा 'एका कानाचं करू' हा विचार मला पटला. एक सुचवतो. शस्त्रक्रियेआधी दोन्ही कानांचा ऑडिओग्राम १२५ हर्ट्झपासून करून घ्या. पुष्कळ ठिकाणी २५० पासूनच सुरू करतात. नंतर किती टिकलं हे मोजायला आधीचा आकडा हातात हवा.

तुकाईमाळ

व्हय, लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी सोलापूरला नेतोय. रिपोर्ट आला की पारिजातक ताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पारिजातक

नक्की करा. शब्दांच्या चाचणीचा कागदही जोडा. मराठीतून नसेल तर चाचणी केलेल्या व्यक्तीला कोणते शब्द वापरले ते विचारून घ्या.